तक्रार नसलेल्या माणसाचा विमा

आर्लन टोर्गर्सनची पाठ मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता गेली, आणि ती गेल्याचं त्याने कुणाला तरी मोकळेपणाने सांगितलं ते थेट ऑगस्टच्या मध्यावर. मधल्या पाच महिन्यांत जे रामायण झालं त्यात दोष कुणाचा म्हणाल, तर विमा कंपनीचा थोडा, डॉक्टरांचा थोडा, कारखान्याच्या कचेरीतल्या जोलीनचा अगदी चिमूटभर, आणि उरलेला सगळा आमच्या गावच्या वळणाचा.

आमचं एल्क बेंड मिनेसोटात, अगदी वरच्या अंगाला. इथल्या माणसाला 'कसं काय?' विचारलं तर तीनच उत्तरं मिळतात. 'बरंय' म्हणजे खरोखरच बरं असतं. 'वाईट नाही' म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. आणि 'तक्रार नाही' म्हणणाऱ्याच्या दारात संध्याकाळच्या आत शेजारणी हॉटडिशचं, म्हणजे भाजलेल्या बटाटा-मांसाचं, झाकलेलं भांडं घेऊन उभ्या राहतात, कारण तो माणूस बहुधा मरणाला टेकलेला असतो. गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. गावाबाहेर कुणाला कळत नाही, ही गोष्ट मात्र आमच्या कधी लक्षात आली नव्हती.

तर त्या शनिवारी आर्लन तलावावर गेला होता. हिवाळ्यात तलाव दगडासारखा गोठतो, आणि ज्याचं त्याचं मासे धरायचं लाकडी खोपटं त्यावर उभं राहतं. मार्चच्या मध्याला ठरलेल्या तारखेच्या आत ते ओढून काठावर आणायचं असतं. नाही आणलं तर सरकार दंड करतं, आणि दंडाचं एक वेळ चालेल, पण गावात चर्चा होते. आर्लनचं खोपटं खालून बर्फात रुतून बसलं होतं. शेजारचा डुएन हॅल्वर्सन मदतीला आला होता, म्हणजे ट्रकमध्ये हीटर लावून, काच चार बोटं खाली करून बसला होता. रिटायर झाल्यापासून सल्ला देणं हाच त्याचा धंदा होता आणि तो धंदा जोरात चालला होता.

"आधी कडेचा बर्फ फोड," डुएन म्हणाला. "तिकडचा नाही रे, इकडचा! हां. आता खांदा लाव. माझ्या बापाने अशी चाळीस खोपटी काढली, नुसत्या खांद्यावर."

आर्लनने खांदा लावला. खोपटं तसूभर हललं नाही. आर्लनच्या कमरेत मात्र काहीतरी कटकन वाजलं आणि तो सावकाश, कुणाला त्रास होणार नाही अशा बेताने बर्फावर आडवा झाला.

"काय झालं रे?"

"काही नाही. जरा पडून बघतोय."

"कसं वाटतंय?"

आर्लनने आभाळाकडे बघत थोडा विचार केला. "तक्रार नाही," तो म्हणाला.

डुएनने ताबडतोब रुग्णवाहिका बोलावली.

मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टर लिंडक्विस्टांनी सांगितलं की सहा महिने वजन उचलायचं नाही, आणि पानगळीपर्यंत सुधारलं नाही तर ऑपरेशन. तीन दिवसांनी आर्लन घरी आला तेव्हा खोपटं अंगणात येऊन पडलेलं होतं.

"डुएनने काढलं वाटतं?"

"निघालं," मार्लिस म्हणाली आणि त्याच्या पाठीमागे उशी सारली. मार्लिस म्हणजे आर्लनची चौतीस वर्षांची बायको, म्हणजे लग्नाला चौतीस वर्षं झालेली. बोलण्यात ती नवऱ्याहून काटकसरी.

आता इथे विम्याचं सांगायला हवं. आर्लन सत्तावीस वर्षं खिडक्यांच्या कारखान्यात काचा उचलत होता. पाठ तिथे गेली असती तर तो कारखान्याचा प्रश्न होता, त्याचा विमा निराळा. पण पाठ गेली स्वतःच्या खोपट्यापायी, सुट्टीच्या दिवशी. अशा दुखण्यासाठी कारखान्यात दरवर्षी नोव्हेंबरात एक सभा भरते. सभेत डोनट असतात आणि एक कागद असतो, आणि त्या कागदावर दोन चौकोन असतात. पहिला चौकोन अल्पमुदतीचा. दुखण्याचे पहिले सात दिवस तुमचे तुम्ही बघायचे, आठव्या दिवसापासून सव्वीस आठवड्यांपर्यंत पगारातला साठ टक्के विमा कंपनी देते. दुसरा चौकोन दीर्घमुदतीचा. सव्वीस आठवडे संपूनही माणूस उठला नाही तर हा हात देतो. त्यातही पहिली दोन वर्षं, तुमचं नेहमीचं काम तुम्हाला जमत नाही एवढं पुरतं. पुढे मात्र कुठलंच काम जमत नाही असं दाखवावं लागतं. पण खालची पायरी मध्येच निसटली तर वरच्या पायरीला पाय पोहोचत नाही. सलग सव्वीस आठवडे आजारी राहावं लागतं, तेही कागदोपत्री.

आर्लनने सत्तावीस वर्षं दोन्ही चौकोनांत खूण केली होती. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. ज्यांचे डोनट खाल्ले त्यांचा कागद कोरा परत देणं त्याला बरं दिसत नव्हतं, एवढंच. मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ होती. तिथे नोव्हेंबरात डोनटही नसत आणि चौकोनही नसत.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या कचेरीतून जोलीनचा फोन आला. अशा अर्जांचं काम ती बघायची. बाई कामाला चोख, मनाने सरळ, पण टेक्सासहून आलेली.

"आर्लन, विम्याचा अर्ज पाठवून देऊ ना?"

"छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास. चार दिवसांत उभा राहीन मी."

"नक्की नको?"

"नको नको. दुसऱ्या कुणाला गरज असेल."

आमच्याकडे पहिला नकार शिष्टाचाराचा असतो, दुसरा नम्रतेचा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर.' कॉफी असो, ट्रकमधली जागा असो नाहीतर मूत्रपिंड असो, रीत हीच. टेक्सासमध्ये ही रीत नसावी. "ओके, काळजी घ्या!" म्हणून जोलीनने फोन ठेवला, आणि आर्लन त्या फोनकडे दोन आठवडे बघत बसला.

"तू तिला नाही म्हणालास?" मार्लिसने अखेर विचारलं.

"दोनदाच म्हणालो."

मार्लिसने स्वतः फोन करून अर्ज मागवला. अर्जाचे तीन भाग होते: एक आजाऱ्याने भरायचा, एक मालकाने, एक डॉक्टरने. आर्लनच्या भागात पहिलाच प्रश्न होता, दुखणं एक ते दहामध्ये किती. आर्लनने बराच वेळ पेन्सिल चावली आणि तीन लिहिले.

"तीन?" मार्लिस म्हणाली. "काल बाथरूममधून बाहेर यायला तुला पाऊण तास लागला."

"दहा म्हणजे आपले एल्मरकाका. ट्रॅक्टरखाली गेले होते ते. आणि तेसुद्धा सहाच म्हणाले होते."

मार्लिसने तीनचा आकडा तसाच राहू दिला. एल्मरकाकांचा मान सगळ्या घराण्यात मोठा होता.

तरी पैसे सुरू झाले. आर्लन दर पंधरा दिवसांनी डॉक्टर लिंडक्विस्टांकडे जायचा, डॉक्टर विचारायचे 'कसं काय', आर्लन सांगायचा, आणि डॉक्टर ते शब्दशः टिपून घ्यायचे. डॉक्टर इथलेच. आर्लन काय म्हणतोय ते त्यांना नीट कळायचं आणि ऐकताना त्यांचा चेहरा पडायचा. पण पडलेला चेहरा काही वहीत उतरत नाही.

मेच्या मध्याला विमा कंपनीचं सात पानी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की रुग्णाने मार्चअखेर 'बरंय' असे सांगितले, एप्रिलमध्ये 'वाईट नाही' असे सांगितले, आणि मेमधील भेटीत तर 'तक्रार नाही' असे स्पष्ट सांगितले. सबब प्रकृतीत सातत्याने सुधारणा दिसत असून यापुढे रक्कम देता येणार नाही. पटत नसल्यास फेरविचाराचा अर्ज करावा.

सुधारणा! पत्र वाचून डॉक्टर लिंडक्विस्टांनी कपाळाला हात लावला. आर्लन मात्र मनातून थोडा सुखावला, कारण आपण खोटं बोललो असं निदान कुणी म्हणत नव्हतं. मग मार्लिसने त्याला पुढचं समजावलं. दहाव्या आठवड्यात पायरी निसटली होती. आता एकतर कारखान्यात जाऊन काचा उचलायच्या, नाहीतर नोकरी सोडायची. आणि नोकरी गेली की तिच्याबरोबर दवाखान्याचा विमाही जाणार, मग पानगळीतलं ऑपरेशन कशाच्या जोरावर करायचं? आर्लन खिडकीतून अंगणातल्या खोपट्याकडे बघत राहिला. त्या लाकडाच्या खोक्याचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला.

मधल्या काळात घरात एक बारीकसा बदल झाला होता. कॉफीचे कप इतकी वर्षं ओट्याच्या वरच्या फळीवर असायचे, ते मार्लिसने खालच्या कपाटात हलवले. आर्लनच्या सोयीसाठीच हलवले असणार हे त्याने ओळखलं. बिचारीला पाठीच्या दुखण्यातलं काही कळत नव्हतं. हात वर करायला त्याला काहीच होत नव्हतं, वाकताना मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण बायकोने एवढ्या प्रेमाने केलेल्या गोष्टीवर कुरकुर करणं शोभलं नसतं. तो रोज सकाळी ओट्याला धरून, एक गुडघा टेकून, मग दुसरा टेकून, तीन मिनिटांत एक कप काढायचा.

फेरविचाराच्या अर्जाला ओळखीच्यांची पत्रं जोडली तर वजन पडतं, असं जोलीनने सांगितलं. झालं. पुढच्याच रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीवर गावाने मोहीम हाती घेतली. आठ दिवसांत अकरा पत्रं जमली आणि मार्लिसने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक करून मोठ्याने वाचली.

डुएनने लिहिलं होतं: 'आर्लनसारखा कामसू माणूस जिल्ह्यात नाही. पाठ मोडलेली असतानाही मे महिन्यात त्याने माझं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून दिलं.'

"हे कधी झालं?" मार्लिसने विचारलं.

"त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा पाठ धरली. गॅरेजच्या फरशीवर पडावं लागलं. तासभर पडलोच होतो, यंत्र शेजारीच होतं, म्हटलं मोकळे हात कशाला ठेवायचे."

कारखान्यातल्या मुकादमाचं पत्र होतं: 'मी त्याला ओळखतो. सगळ्यांच्या अंदाजाआधी तो कामावर हजर होईल.' पास्टर इंग्रिड फॉसे यांचं सगळ्यांत सुंदर होतं. इतक्या महिन्यांत या माणसाच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द आपण ऐकला नाही, असं त्यांनी दोन पानं भरून लिहिलं होतं.

आर्लनचे डोळे भरून आले. "एवढं चांगलं तर माझ्या मयताला पण कुणी बोलणार नाही."

"हे मयतच आहे," मार्लिस म्हणाली. "तुझ्या विम्याचं. यातलं एकही पत्र पाठवता कामा नये."

"नाही कसं पाठवायचं? लोकांनी वेळ काढून लिहिलंय. पास्टरबाईंनी विचारलं तर काय सांगू?"

मार्लिसने पत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग आर्लनकडे. अकरा शेजाऱ्यांना दुखवायचं की विम्यावर पाणी सोडायचं, हा प्रश्न आमच्या गावात प्रश्नच नसतो. अकराच्या अकरा पत्रं दुसऱ्या दिवशी रवाना झाली.

जुलै सरता सरता कंपनीने कळवलं की पत्रं उद्बोधक आहेत, तरी निर्णयाआधी एकदा रुग्णाशी फोनवर बोलायचं आहे. हे ऐकल्यावर जोलीन स्वतः घरी आली. आल्या आल्या तिने पहिल्याच वेळेला कॉफी 'हो' म्हणून घेतली आणि आर्लनची शिकवणी सुरू केली.

"म्हणा, मला मोजे घालता येत नाहीत."

"उन्हाळ्यात मोजे लागतात कुठे?"

"आर्लन!"

"बरं. मोजे... जरा वेळ लागतो."

"वेळ लागत नाही, येत नाहीत! तुम्ही सगळे ठार वेडे आहात का हो? अहो, खोटं बोला असं कुठे म्हणतेय मी? खरं बोला म्हणतेय!"

आर्लन ओशाळला. आपल्याला खरं बोलायला शिकवायला टेक्सासहून बाई यावी लागली, हे त्याला फार लागलं. सत्तावीस वर्षांत एक दिवस खोटी रजा घेतलेली नव्हती त्याने.

फोन ऑगस्टच्या मध्यावर, बुधवारी सकाळी दहाला आला. आर्लन टेबलापाशी बसला होता. मार्लिस समोर उभी होती. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडची बाई पार दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून बोलत होती. डेलोरिस पिकेट तिचं नाव, आवाज उतारवयाचा, घाई नसलेला.

"मिस्टर टोर्गर्सन, कसे आहात?"

"तक्रार ना..." आर्लन म्हणाला आणि थांबला. मार्लिसने डोळे मिटून घेतले होते.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "हो, ते तुमच्या कागदांत बऱ्याचदा आलंय," मिसेस पिकेट म्हणाली. "ते राहू दे. मला असं सांगा, सकाळी उठता तेव्हा सगळ्यात आधी काय करता?"

या प्रश्नाला गावात ठरलेलं उत्तर नव्हतं. कुणी कधी विचारलाच नव्हता. आर्लनची पंचाईत झाली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याने जे करत होता ते सांगितलं.

तो जागा झाला तरी पडून राहायचा. मार्लिस उठून स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा आवाज आला, की मग तो कुशीवर वळून पलंगावरून खाली जमिनीवर उतरायचा, रांगत खुर्चीपर्यंत जायचा आणि खुर्चीला धरून उभा राहायचा. हे तिने पाहू नये म्हणून पाण्याची वाट बघायची. मोजे घालता येत नव्हते. डावा पाय गुडघ्याखाली बधिर असायचा, म्हणून जिन्यावर तो मोजून पावलं टाकायचा. तीन वर्षांची नात आली की धावत येऊन हात वर करायची. तिला उचलता येत नाही हे तिला कसं सांगायचं, म्हणून ती यायच्या वेळी तो गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. पोरीला वाटत होतं, आजोबा रागावलेत. एवढं सांगून झाल्यावर कुणी न विचारताच तो म्हणाला, "मला भीती वाटते, बाई. हे असंच राहील याची."

चाळीस मिनिटं गेली. मार्लिस केव्हाच पाठ फिरवून सिंकपाशी उभी राहिली होती.

"थँक यू, मिस्टर टोर्गर्सन," मिसेस पिकेट म्हणाली. "हे आधी कुणाला सांगितलं होतंत?"

"नाही."

फोन बंद झाला. मार्लिस वळली तेव्हा तिचा चेहरा आर्लनने आजवर न पाहिलेला होता.

"चौतीस वर्षं," ती म्हणाली. "आणि हे सगळं जॉर्जियातल्या बाईला सांगितलंस."

"तिने विचारलं म्हणून."

"मी रोज विचारते, आर्लन. रोज सकाळी."

ती विचारायची हे खरं होतं. 'कसं काय?' ती म्हणायची आणि 'बरंय' तो म्हणायचा, कॉफी ओतता ओतता. त्याला फार वाईट वाटलं. ते तिला सांगावं असंही वाटलं, पण दिवसभराचं बोलणं त्याचं तेवढ्यात संपून गेलं होतं.

ऑगस्टअखेर पत्र आलं, या खेपेला एकच पान. राहिलेली रक्कम मिळणार होती, सव्वीस आठवडे पूर्ण धरले जाणार होते, आणि सप्टेंबरपासून दीर्घमुदतीचा विमा सुरू. कारखान्याने दवाखान्याचा विमाही ऑपरेशन होईपर्यंत चालू ठेवायचं कबूल केलं. गावाला आनंद झाला. "माझ्या पत्रानेच काम केलं," असं डुएन चर्चच्या तळघरात सगळ्यांना सांगत होता, आणि पत्र लिहिणारे उरलेले दहा जण मनातल्या मनात तेच म्हणत होते. मार्लिस पत्र वाचून 'छान झालं' म्हणाली आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्लन कपासाठी खालच्या कपाटापाशी एक गुडघा टेकून बसला असताना त्याच्या मनात आलं की आता लपवायचं नाही असं ठरलंय तर सुरुवात करावी. चौतीस वर्षांतली पहिली तक्रार तोंडातून काढायला त्याला थोडा वेळ लागला.

"मार्लिस, एक सांगू? हे कप वर होते ते बरे होते. वाकताना जीव जातो माझा. माझ्यासाठी म्हणून तू खाली ठेवलेस, कळतंय मला, पण..."

"तुझ्यासाठी नाही ठेवले," मार्लिस म्हणाली.

"मग?"

"काही नाही. असू दे. ठेवते वर."

पण ती जागची हलली नाही. आर्लन ओट्याला धरून सावकाश उभा राहिला आणि तिच्याकडे बघू लागला. ती डाव्या हाताने कॉफी ओतत होती. मार्लिस उजव्या हाताची होती. डाव्या हाताने ती केव्हापासून ओतायला लागली, ते त्याला आठवेना.

"सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय करतेस तू?" त्याने विचारलं.

मार्लिसने भांडं खाली ठेवलं. मग उजवा हात बाजूने वर न्यायला सुरुवात केली. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"एवढा येतो की नाही ते बघते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तारखेच्या आत खोपटं काढायचं होतं ना. तू दवाखान्यात होतास." ती खिडकीबाहेर बघत होती. "डुएन ट्रकमधून सांगत होता, खांदा लाव म्हणून."

जवळजवळ सहा महिने ते खोपटं अंगणात उभं होतं आणि ते तिथे कसं आलं हे त्याने नीट विचारलंही नव्हतं. शाळेतली ती मोठाली पातेली, घरातलं त्याचं सगळं, त्याच्या पाठीमागची उशी. शाळा चार दिवसांत पुन्हा उघडायची होती.

"दुखतं का फार?" आर्लनने विचारलं.

मार्लिसने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून पोटाशी ठेवला.

"तक्रार नाही," ती म्हणाली.

आर्लनने फोन उचलला आणि डॉक्टर लिंडक्विस्टांचा नंबर फिरवला.